हाक फोनवर, गर्दी चौकात

१३ ऑक्टोबर २०२१ची सकाळ. बांगलादेशातल्या कुमिल्ला शहरात दुर्गापूजेच्या एका मंडपात मूर्तीपाशी कुराणाची प्रत ठेवलेली दिसली. कोणी ठेवली, का ठेवली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात एकाने तिथूनच फेसबुकवर थेट चित्रण सुरू केलं. त्याच दिवशी मंडपांची मोडतोड सुरू झाली, आणि पुढचे काही दिवस बांगलादेशात ठिकठिकाणी हिंदूंच्या देवळांवर आणि घरांवर हल्ले होत राहिले. प्रत ठेवणारा माणूस कोण, हे सीसीटीव्हीच्या चित्रणातून पोलिसांना कळायला आठवडा लागला. फेसबुकला काही तास पुरले होते.

बांगलादेशाला तीन बाजूंनी लागून असलेल्या त्रिपुरात या हल्ल्यांच्या निषेधाचे मोर्चे निघाले. २६ ऑक्टोबरला उत्तर त्रिपुरातल्या पानिसागर इथे अशाच एका मोर्चाच्या वेळी मुस्लिमांची दुकानं जळाली, एका मशिदीची नासधूस झाल्याच्या तक्रारी झाल्या. आता उलट्या दिशेने चित्रं निघाली. काही खरोखर त्रिपुरातली होती, काही भलत्याच ठिकाणची आणि जुनी. मशीद जाळली गेलेली नाही, असा खुलासा त्रिपुरा पोलिसांनी ऑक्टोबर संपण्याआधीच केला, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला समाजमाध्यमांवरच्या १०२ खात्यांवर बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली (यूएपीए) गुन्हेही लावले. खुलासा फारसा कोणी पाहिला नाही. चित्रं सगळ्यांनी पाहिली.

पानिसागर ते अमरावती हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. अमरावतीत किती जणांनी त्या गावाचं नाव आधी ऐकलं असेल? तरीही १२ नोव्हेंबरला, कुमिल्लाच्या त्या सकाळनंतर बरोबर तीस दिवसांनी, ती ठिणगी इथे पोचली. त्या दिवशी त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ रझा अकादमी या मुस्लिम संघटनेने बंदची हाक दिली होती. मालेगाव, नांदेड आणि अमरावतीत लोक रस्त्यावर आले. अमरावतीत जिल्हाधिकारी कार्यालयासमोर पोलिसांच्या अंदाजाने आठ हजारांवर माणसं जमली. निवेदन दिलं गेलं. इथवर जे झालं ते या देशात रोज कुठे ना कुठे होतं, आणि व्हायलाही हवं. दूरच्या माणसावर अन्याय झाला असं वाटलं तर त्यासाठी रस्त्यावर येण्याचा हक्क आपण मिळवलेला आहे. पण परतताना चित्रा चौक ते कॉटन मार्केट या पट्ट्यात तीन ठिकाणी दगडफेक झाली, दुकानं फुटली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, भाजपने बंद पुकारला. राजकमल चौकात शेकडो लोक भगवे झेंडे घेऊन जमले, पुन्हा दगडफेक, पुन्हा मोडतोड, काही ठिकाणी जाळपोळ. आता त्रिपुराची गरजच उरली नव्हती. फोनमधली दृश्यं आपल्याच शहरातली होती आणि फुटलेल्या दुकानाच्या पाटीवरचं नाव ओळखीचं होतं. संचारबंदी लागली, राज्य राखीव पोलीस दल आलं, इंटरनेट बंद झालं. त्रिपुरात मशीद पाडल्याच्या बातम्या खोट्या असल्याचं केंद्रीय गृहमंत्रालयाचं निवेदन आलं ते त्याच १३ तारखेला.

या प्रकरणात दोन्ही बाजूंना सोयीची अशी एकेक गोष्ट आहे, आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. एक बाजू म्हणते, सगळं खोटंच होतं. तसं नाही, पानिसागरला दुकानं जळाली हे खरं आहे. दुसरी म्हणते, सगळं खरं होतं. तेही नाही, फिरलेल्या कितीतरी चित्रांचा त्रिपुराशी संबंध नव्हता. निखळ खोटी बातमी पकडायला त्या मानाने सोपी असते. खऱ्याच्या पाठीवर बसून येणारं खोटं पकडणं महाकठीण, कारण शंका घेणाऱ्याला लगेच विचारता येतं, "म्हणजे दुकानं जळालीच नाहीत का?" मला वाटतं, जमावाच्या राजकारणात समाजमाध्यमांचं सगळ्यात मोठं काम हेच आहे: हाक देणं फुकट झालं आणि उलट विचारणं महाग. "कोनं सांगतलं तुले?" हा वऱ्हाडातला रोजचा प्रश्न. पारावर, एसटीत, बाजार समितीच्या ओट्यावर तो आपोआप विचारला जातो, कारण सांगणारा समोर असतो. फोनवर सांगणारा समोर नसतो. त्याने कोणाकडून तरी पुढे ढकललेलं असतं, त्या कोणीतरी आणखी कोणाकडून.

इंटरनेट बंद करणं हा सरकारचा हाताशी असलेला उपाय. अमरावतीत ते आधी तीन दिवसांसाठी बंद झालं, मग मुदत वाढली. हे करण्यासाठीचे तेव्हाचे नियम २०१७ साली आले: राज्याच्या गृहखात्याच्या सचिवाने लेखी आदेश द्यायचा, कारणं नोंदवायची, आणि पुनर्विलोकन समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत तो तपासायचा. काश्मीरमधल्या बंदीवरून झालेल्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदी गरजेपुरतीच हवी. त्यानंतर नियमात एका आदेशाला पंधरा दिवसांची कमाल मर्यादा घातली गेली.

नियम ठीक, पण बंदीने नेमकं काय थांबतं? चित्र थांबतं, हे मान्य करायला हवं, आणि पेटलेल्या शहरात पुढचे सहा तास चित्र न पोचणं याने माणसं वाचू शकतात. पण साधा फोन चालूच राहतो, आणि त्यावर ऐकीव बातमी पसरतेच. ती खोडून काढणारा पोलिसांचा खुलासा मात्र आता घरापर्यंत येत नाही. शिवाय तो नोव्हेंबर होता. दिवाळी नुकतीच झालेली, सोयाबीन बाजारात, कापसाची वेचणी चालू. भाव बघायचा फोनवर, पैसे घ्यायचे फोनवर, पोरांचा अभ्यासही कोरोनापासून फोनवर. दगड मारणारे मूठभर, बंदी शहरभर. इजिप्तच्या सरकारने २८ जानेवारी २०११ रोजी सगळ्या देशाचं इंटरनेट तोडलं, तेव्हा घरात बसून फेसबुक पाहणारेही काय चाललंय ते बघायला रस्त्यावर उतरले. अमरावती म्हणजे कैरो नव्हे; पण बंदी हे रामबाण औषध आहे असं मानणाऱ्याने तो दिवस लक्षात ठेवावा.

वऱ्हाडाला आंदोलनं नवी नाहीत. १९३० साली दांडीची हाक इथे पोचली तेव्हा समुद्र कुठे होता? पण पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, विहिरींचं पाणीच मचूळ, खारट. अकोल्याजवळच्या दहीहांड्याला त्याच पाण्याचं मीठ करून कायदा मोडला गेला. १९६७ साली कृषी विद्यापीठ अकोल्यालाच हवं म्हणून शहर पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. दोन वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ला पंजाबराव देशमुखांच्या नावाने विद्यापीठ उभं राहिलं. ऐंशीच्या दशकात शरद जोशींची शेतकरी संघटना आली ती गावोगावच्या सभांमधून, छातीवरच्या लाल बिल्ल्यातून आणि 'शेतकरी संघटक' या पाक्षिकातून. या सगळ्यात निरोप सावकाश जायचा. पण जाताना त्याच्याबरोबर माणूस जायचा, आणि त्या माणसाला गावात रात्रभर थांबून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागायची.

झैनप तुफेकची या तुर्की समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१७ साली आलेल्या त्यांच्या 'ट्विटर अँड टिअर गॅस' या पुस्तकात हाच मुद्दा जगभरच्या चौकांतून फिरून मांडला आहे. पूर्वी लाखाची गर्दी दिसली की सत्ताधारी समजून जायचे, यामागे वर्षांची बांधणी आहे. आता लाखाची गर्दी आधी जमते आणि बांधणी व्हायची असते. गर्दीचा आकार तोच. ताकद तीच असेल असं नाही.

ही मांडणी महाराष्ट्राला लावून पाहायची तर २०१६चे मराठा मूक मोर्चे घ्यावे लागतात. कोपर्डीतल्या मुलीवरच्या बलात्कार-खुनाची घटना १३ जुलैची, पहिला मोर्चा ९ ऑगस्टला औरंगाबादला. सप्टेंबरात अकोला आणि अमरावतीलाही प्रचंड मोर्चे निघाले. त्याच महिन्याच्या ५ तारखेला जिओने आपली सेवा सुरू केली होती आणि इंटरनेट काही महिने फुकट होतं. आजवर पैसे मोजून एकेक चित्रण उघडणाऱ्या पोराच्या हातात अचानक अमर्याद डेटा आला, आणि त्याच आठवड्यांत आकाशातून घेतलेली मोर्चाची दृश्यं फिरू लागली. रस्ता दिसेनासा करणारी माणसं, आणि आवाज नाही! घोषणा नसलेल्या मोर्चाची बातमी शब्दांत सांगून कळत नाही, ती बघावीच लागते. माध्यम आणि मोर्चा एकमेकांना इतके जुळले, हा योगायोग असला तरी त्याचा परिणाम मोठा झाला.

पण फोनवर फक्त दृश्यं फिरत नव्हती. फिरत होती ती आचारसंहिता. घोषणा द्यायच्या नाहीत. मुली सगळ्यात पुढे, मग बाया, मग पुरुष, पुढारी सगळ्यात मागे. निवेदन मुली देणार. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उचलायच्या, रुग्णवाहिकेला वाट करून द्यायची. गाड्या कुठे लावायच्या तेही. हे सगळं आधी तालुक्यातालुक्याच्या बैठकांत ठरायचं, मग फोनवर यायचं. बैठकीला गेलेला माणूस गावात असायचा, त्याला विचारता यायचं. लाखो माणसं आली आणि काच फुटली नाही, याचं श्रेय मी त्या बैठकांना देतो. फोनने ती शिस्त प्रत्येकाच्या खिशात पोचवली.

पुढच्याच वर्षी फोनने दुसरा रंग दाखवला. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने शेतकरी संपाचा ठराव केला आणि १ जून २०१७ला संप सुरू झाला. दूध, भाजीपाला शहरांकडे जाणं थांबलं. २ जूनच्या रात्री काही शेतकरी नेते मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटले, ३ तारखेच्या पहाटे संप मागे घेतल्याचं जाहीर झालं. उजाडलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर आग लागली होती. आमच्या नावाने हे ठरवलं कोणी? रात्री का? कर्जमाफीचा आकडा कुठे आहे? संप सुरूच राहिला, आणि २४ जूनला सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. म्हणजे उलट विचारणं फोनवरूनही होतं, फक्त त्यासाठी ज्याला विचारायचं त्याचा चेहरा माहीत असावा लागतो. पुणतांब्याच्या संपात नेते नावानिशी होते, म्हणून त्यांना जाब विचारता आला. दीड हजार किलोमीटरवरून आलेल्या चित्राला कोण जाब विचारणार?

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अकोल्यात शेतकरी जागर मंचाने कापूस, सोयाबीन आणि धान यांची 'कासोधा' परिषद घेतली. बोंडअळीने त्या हंगामात पऱ्हाटी खाल्ली होती. माजी अर्थमंत्री यशवंत सिन्हा आले, ४ तारखेला जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, पोलिसांनी ताब्यात घेतलं. सोडायला निघाले तर हे जायला तयार नाहीत. ऐंशी वर्षांचा माणूस थंडीत पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर शेतकऱ्यांबरोबर बसून राहिला. तो मुक्काम फोनवरून देशभर गेला, ममता बॅनर्जी आणि अरविंद केजरीवाल यांचा पाठिंबा आला, आणि ६ डिसेंबरला मुख्यमंत्र्यांनी मागण्या मान्य केल्यावर सगळे उठले. तिथे माणसं हजारांत मोजावी अशी नव्हती. पण मागण्या कागदावर नेमक्या लिहिलेल्या होत्या, आणि बसणारे उठणार नाहीत हे पोलिसांना दिसत होतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं आंदोलन मात्र १० जून २०१९चं. अकोट तालुक्यातलं अकोली जहांगीर. ललित बहाळे यांच्या वावरात शेतकरी संघटनेचे हजारावर शेतकरी जमले आणि त्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाचं, परवानगी नसलेलं बियाणं उघडपणे पेरलं. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, तंत्रज्ञान निवडायचा हक्क आमचा आहे, हे त्यांचं म्हणणं. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. त्या बियाण्याबद्दल मतं दोन असू शकतात. पर्यावरणाची काळजी करणारे लोक काही वेडे नाहीत. पण पद्धत बघा. दिवस आधी जाहीर. जागा जाहीर. पेरणाऱ्यांनी आपली चित्रणं आपणच टाकली, तोंड न झाकता. पोलिसांना पुरावा शोधायला नको. पुढे गुन्हे नोंदवलेही गेले. दहीहांड्याचं मीठ आणि अकोलीचं बियाणं यांच्यात जवळपास नव्वद वर्षं आहेत, तरी कायदा मोडणाऱ्याने आपलं नाव सांगून तो मोडायचा, ही रीत एकच. समाजमाध्यम इथे अफवेचं साधन राहत नाही, साक्षीदार होतं. २०२१च्या त्या घटनांत चित्र पुढे ढकलणारा आणि दगड मारणारा, दोघांनाही नाव नको होतं.

२०२५मध्ये शेतकरी नेते बच्चू कडूंनी हीच वाट चालून दाखवली. जूनमध्ये तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीला उपोषण, जुलैत पंजाबरावांच्या पापळहून सातबारा कोरा करण्यासाठी पदयात्रा, ऑक्टोबरच्या अखेरीस बेलोऱ्याहून ट्रॅक्टर घेऊन नागपूर. प्रत्येक टप्पा फोनवर थेट दिसत होता. नागपूर-हैदराबाद महामार्ग अडला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करायला सांगितलं, ३० ऑक्टोबरला मुंबईत बैठक झाली आणि कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६पूर्वी घेऊ असं सरकारने जाहीर केलं. महामार्ग अडवल्याने अडकलेल्यांचे हाल झाले, तेही फोनवर दिसलं, आणि दिसायलाच हवं होतं.

या दोन आंदोलनांच्या मधल्या काळात अकोल्याने एक काळी रात्र पाहिली. १३ मे २०२३, शनिवार. इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून जुन्या शहरात दोन गट समोरासमोर आले. दगडफेक, गाड्यांची जाळपोळ, अनेक जखमी, एकाचा मृत्यू. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. ना मोर्चा होता, ना मागणी, ना निवेदन. फक्त एक पोस्ट आणि तिच्यापासून चौकापर्यंतचं काही तासांचं अंतर. ज्या माणसाचा जीव गेला त्याच्या घरच्यांना ती पोस्ट काय होती हे नंतर समजून काय उपयोग?

समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी अफवा त्यामागे होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२०पासून, दुहेरी बाण लागलेला, म्हणजे फार हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असा कंपनीचा दावा. तो खरा धरला तरी त्या एका ठिकाणी शेकडो माणसांचा गट असू शकतो.

आणि त्या गटाला एक अ‍ॅडमिन असतो. गावातलाच कोणीतरी, दुकानदार, मास्तर, सेवा सोसायटीचा सचिव. गटात कोणी घाण टाकली तर त्याला धरायचं का? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी उत्तर दिलं: सदस्याला घेणं किंवा काढणं एवढंच अ‍ॅडमिनच्या हातात असतं, कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही, तेव्हा त्यात त्याचा समान हेतू दाखवता आला नाही तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी तो गुन्हेगार ठरत नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. अ‍ॅडमिनला आरोपी करायला लागलो तर गावातला समंजस माणूस आधी गट सोडेल आणि गट भलत्याच्या हातात जाईल.

पण निकालानंतर वर्षभराने, २०२२मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसून टाकायची सोय दिली. फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं, हे कुलूप तर २०१८पासूनच आहे. म्हणजे त्याच्या हातात आता बरंच काही आहे. संध्याकाळी शहरात काही झाल्याचा संदेश येतो, खाली दुहेरी बाण असतो, आणि मास्तर ठरवत असतात: पुसू, गटाला कुलूप घालू, की ओळखीच्या पोलीस पाटलाला आधी फोन लावू? कुलूप घातलं तर अफवा थांबते, आणि "हे कुठचं आहे?" असं विचारू पाहणाऱ्याचंही तोंड बंद होतं. पुसलं तर ज्यांनी आधीच वाचलंय त्यांना वाटतं, काहीतरी दडवलं जातंय. फोन लावला तर दहा मिनिटं जातात, आणि तोवर तो संदेश शेजारच्या गावच्या गटात गेलेला असतो.